मदत हवी आहे: जुन्या नॉटिलस पुलओव्हर मशीनचा कॅम उलटा बसलाय का?

नमस्कार मंडळी,

आमच्या इथे ओहायोत एका शाळेने जुनी जिम मोडीत काढली. त्यातलं नॉटिलस कंपनीचं निळं पुलओव्हर मशीन (पाठीच्या व्यायामाचं, डोक्यामागून कोपरं पोटाशी आणायचं) मी गेल्या महिन्यात घरी आणलं. जुनंच मॉडेल आहे, बेल्ट नाही, साखळी आहे. गंज घासून काढला, साखळीला तेल दिलं, सीट नव्याने शिवून घेतली.

अडचण अशी की हात डोक्यामागे असताना वजन अगदी हलकं लागतं, आणि कोपरं पोटाशी आली की मशीन जागीच अडतं. तिथे पाठीत जोर सगळ्यात कमी असतो, म्हणजे हे बरोबर उलटं झालंय. शाफ्टवर नंतर केलेल्या वेल्डिंगचे थेंब दिसतात. त्या वेळी कॅम (साखळी जिच्यावरून फिरते ती वाकडी कप्पी) काढून पालथा बसवला असावा, असा माझा संशय आहे.

या मशीनचा सगळा जीव त्या कॅममध्ये आहे. बारबेलने पुलओव्हर मारताना हात जमिनीला समांतर असतात तेव्हा भार सगळ्यात जास्त, आणि हात उभे झाले की पाठीला कामच उरत नाही. फ्लोरिडातल्या आर्थर जोन्सने यावर गोल कप्पीऐवजी शंखासारखी कप्पी काढली. केंद्रापासून साखळी जिथे लांब, तिथे वजन जड. जिथे जवळ, तिथे हलकं. नॉटिलस हे नावही शंखावरूनच. शिवाय कोपरांनी ढकलायचं असल्यामुळे पाठीआधी हात थकत नाहीत. 1970 साली ही मशीन विकायला आली. (स्टॉकहोमच्या गुस्ताव झँडरने तरफा आणि वजनांची व्यायामयंत्रं 1865 च्या सुमारासच वापरात आणली होती. त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.)

दुसरा प्रश्न मुलासाठी. तो 17 वर्षांचा आहे आणि जोन्सने केलेल्या कोलोरॅडो प्रयोगाने भारावून गेलाय. मे 1973, 28 दिवस, 14 वर्कआउट, आणि बॉडीबिल्डर केसी व्हिएटरचे म्हणे 63 पौंड स्नायू वाढले. काट्यावर वजन वाढलं 45 पौंड, बाकीचा हिशेब उतरलेल्या चरबीचा. मी त्याला समजावलं की व्हिएटर 1971 मध्ये, वयाच्या 19 व्या वर्षी मिस्टर अमेरिका झाला होता. प्रयोगाआधी कारखान्यातल्या अपघातात त्याच्या बोटाला इजा झाली, शरीर खूप उतरलं. गेलेलं परत आलं, नवीन कमावलं नाही. आणि प्रयोग करणारा जोन्स स्वतःच मशीन विकत होता. मुलाला हे पटलं, पण लगेच म्हणाला, "बाबा, मग मेंत्झर? आणि डोरियन येट्स?" दोघेही मोजक्या सेटची पद्धत वापरणारे बॉडीबिल्डर. येट्स 1992 ते 1997 सलग सहा वेळा मिस्टर ऑलिंपिया (बॉडीबिल्डिंगची सर्वात मोठी स्पर्धा) झाला, तेही मोजकेच सेट मारून. मोजके सेट, पण शेवटचा रेप (सेटमधली एक आवृत्ती) निघेनासा होईपर्यंत, म्हणजे फेल्युअरपर्यंत, आणि मग भरपूर विश्रांती, ही पद्धत मलाही पटते. फक्त कोवळ्या सांध्यांची काळजी वाटते.

तर, ज्यांनी हे मशीन उघडलंय त्यांनी कृपया सांगा: सुरुवातीला, हात मागे असताना, साखळी कॅमच्या मोठ्या बाजूवर असायला हवी ना? शाफ्टवर मूळ खूण कुठे सापडते? आणि मुलांना शिकवणाऱ्यांनी सांगा, या वयात फेल्युअरपर्यंत न्यायचं की दोन रेप हातात ठेवून थांबवायचं?

रविवारी शाफ्ट काढतोय. तोवर मुलाला मशीनवर बसू देत नाहीये. दोन्ही बाजूंचे फोटो आज रात्री टाकतो.