भाच्याचा सुपरहिरो मित्र: मोडून काढायचा की राहू द्यायचा?

मावशीनंबरदोन

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझ्या बहिणीचा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला एक मित्र आहे, टॉर्चमॅन. म्हणजे नाहीये, पण आहे. घरात अंधार झाला की येतो म्हणे. आता घरची परिस्थिती सांगते, बहिणीला नावं ठेवायची म्हणून नाही, पण सांगितल्याशिवाय कळणार नाही. नवरा घर सोडून गेला त्याला वर्ष झालं, ती कामावरून रात्री येते ती मोबाइल घेऊन भिंतीकडे तोंड करून पडते, पोराला वेळेवर खायला मिळतं, कपडे धुतलेले असतात, कुणी हात उगारत नाही, पण त्याच्याशी कुणी बोलतच नाही हो. संध्याकाळभर तो आणि टीव्ही.

मागच्या महिन्यात शाळेच्या डायरीत पालकांच्या सहीच्या जागी याने पिवळ्या खडूने काहीतरी गिरबटलेलं बाईंना दिसलं. विचारलं तर म्हणाला टॉर्चमॅनची सही आहे, आई झोपली होती. बाईंनी बहिणीला बोलावून घेतलं, तिला लाज वाटली, घरी येऊन ती त्याला ओरडली की असं कुणी नसतं, परत नाव काढलंस तर बघ. तेव्हापासून तो बाथरूममध्ये नळ सोडून त्याच्याशी बोलतो. मी दाराबाहेरून ऐकलं आणि पोटात कसंतरी झालं.

मी त्याला हळूच विचारलं, टॉर्चमॅनची पॉवर काय रे? मला वाटलं उडणं, भिंत फोडणं वगैरे सांगेल. म्हणाला, "त्याचा मोबाइल हरवलाय आणि तो शोधतच नाही."

डॉक्टरला दाखवायला हवं का? की मोठा झाल्यावर आपोआप जाईल?

खिडकीतलामांजर

पहिलं म्हणजे घाबरू नका. ओरेगॉन विद्यापीठात मार्जोरी टेलर म्हणून मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांचं सगळं काम यावरच आहे. २००४ साली त्यांच्या टीमने छापलेल्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या सुमारे ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा मित्र होता असं निघालं, त्यात ज्यांच्याशी मुलं गप्पा मारतात ती खेळणीही धरलेली आहेत. लाडाकोडात वाढलेल्या मुलांनाही असतो, त्यामुळे मित्र आहे म्हणजे मूल दुर्लक्षित आहे असा उलटा हिशोब कुणी करू नका. आणि बहुतेक मुलांना पक्कं माहीत असतं की हे खोटं-खोटं आहे. विचारणारी बाई वहीत गंभीरपणे लिहून घ्यायला लागली की पोरंच तिला समजावतात, अहो तो खरा नाहीये.

तुमच्या केसमध्ये मला मित्राची नाही, नळाची काळजी वाटते. लपवायला लागलाय तो.

स्पष्टवक्ता५६

टीव्ही बंद करा. दिवसभर ते सुपरहिरो बघितल्यावर दुसरं काय होणार. आमच्या वेळी असली थेरं नव्हती, पोरं मैदानावर असायची.

खिडकीतलामांजर

काका, काल्पनिक सोबत्यांवरचा अभ्यास १८९५ साली छापून आलाय. सुपरमॅन आला १९३८ मध्ये. टीव्ही तर घरोघरी त्याच्याही नंतर. तेव्हा पोरं काय बघून बिघडली?

बाकी सुपरहिरोच का, याला कारण आहे असं आपलं मला वाटतं. सुपरमॅनचा अख्खा ग्रह गेला, बॅटमॅनचे आईबाप त्याच्या डोळ्यांसमोर मारले गेले, स्पायडरमॅन काकाकाकूंकडे वाढला. सगळी बिनआईबापाची पोरं आहेत ती. घरात एकट्या पडलेल्या मुलाला हे कुणी समजावून सांगायला लागत नाही.

अर्धीपेन्सिल

मी सहसा हे कुठे लिहीत नाही पण आज लिहिते. मी तो मुलगा होते, म्हणजे मुलगी. घरात माणसं भरपूर होती, पण सगळी एकमेकांशी भांडण्यात किंवा न बोलण्यात बिझी, मी जेवले का हे रात्री अकराला कुणाच्या तरी लक्षात यायचं. माझ्या हिरोचं नाव सांगत नाही, अजून लाज वाटते. त्याने कधी कुणाला वाचवलं नाही की काही नाही. तो फक्त मी शाळेतून आल्यावर विचारायचा, मग पुढे काय झालं? बस, मी सांगत सुटायचे आणि तो सगळं ऐकायचा, मधेच उठून जायचा नाही.

त्याने मला तारलं हे खरं आहे. पण लोक हे सांगताना इथेच थांबतात, आहा किती गोड, मुलांची कल्पनाशक्ती वगैरे. एकदा मला दोन दिवस ताप होता. तो उशाशी बसला होता, पण त्याला पाणी आणून देता येईना. तेव्हा मला पहिल्यांदा त्याचा राग आला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू काहीतरी मागायला आल्या म्हणून कळलं तरी, त्याच मला डॉक्टरकडे घेऊन गेल्या.

पुढे त्याच काकू रोज जिन्यात भेटल्या की विचारायच्या, काय गं, आज कशी आहेस, तुझा मित्र काय म्हणतोय? हसून नाही, खरंच उत्तर ऐकायला थांबायच्या. तो कधी गेला मला आठवत नाही. निरोप वगैरे काही झाला नाही. काकूंना सांगण्यासारखं इतकं साठायला लागलं की त्याच्यासाठी उरेनासं झालं असावं.

टॉर्चमॅनला घालवू नका. पण पाणी कोण आणून देणार ते बघा.

समुपदेशक_ताई

मुलांसोबतच काम करते म्हणून थोडं सांगते, पण मुलाला न बघता निदान करता येत नाही हे धरून चाला.

मित्र असणं हा आजार नाही. मित्र मुलाचं सगळं ऐकतोच असं नाही, कधी कधी भांडतो, रुसतो, उशिरा येतो, तेही नॉर्मल. दाखवायला कधी न्यायचं तर तो मित्र त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, मूल त्याला घाबरत असेल, खेळ आहे हेच विसरत असेल, किंवा झोप, खाणं, शाळेतली पोरं सगळ्यातून अंग काढून घेत असेल तर. तसं काही दिसत असेल तर थांबू नका.

तुम्ही पॉवर विचारलीत ते उत्तम केलंत. मित्राबद्दल विचारलं की मूल आपल्याबद्दल सांगतं. "तुला वाईट वाटतं का" ला उत्तर येणार नाही, "टॉर्चमॅनला रात्री कसं वाटतं" ला येईल. २०१७ मध्ये एक प्रयोग छापून आला होता, चार आणि सहा वर्षांच्या मुलांना दहा मिनिटांचं एक कंटाळवाणं काम दिलं, शेजारी गेम ठेवला, तर स्वतःला बॅटमॅन वगैरे समजणारी मुलं सगळ्यात जास्त चिकाटीने कामाला बसली. म्हणजे हिरोची उधार घेतलेली ताकद खरी कामाला येते. फक्त एक करू नका, तुम्ही स्वतः टॉर्चमॅनच्या आवाजात बोलायला लागू नका, "टॉर्चमॅन म्हणतोय दूध पी" हे तर अजिबात नाही. त्याची एकच गोष्ट पूर्ण त्याची आहे, ती मोठ्यांनी ताब्यात घेऊ नये.

आणि बहीण. भिंतीकडे तोंड करून पडणं वर्षभर चाललंय म्हणता, तर ती आळशी नसावी, नैराश्य असू शकतं. डॉक्टरची गरज कदाचित आधी तिला आहे. सहा वर्षांचं मूल संध्याकाळभर एकटं राहणं हे मात्र चालवून घेण्यासारखं नाही, ते आधी थांबवा. मारहाण नाही म्हणजे सगळं ठीक असं नसतं.

स्पष्टवक्ता५६

ताप वाला प्रतिसाद वाचला. मी आपलं मैदानाचं मागे घेतो. टीव्हीचं नाही.

मावशीनंबरदोन

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय. बहिणीला "तू दुर्लक्ष करतेस" असं न म्हणता, मीच संध्याकाळी येत जाईन, तेवढं तू एकदा डॉक्टरांना भेट, असं म्हटलं. आधी भांडली, मग खूप रडली. पुढच्या आठवड्यातली वेळ घेतलीय, जाते का बघू.

मी चार दिवस जातेय. दोन दिवस तो माझ्याशी बोललाच नाही, लांबून बघत बसला. काल दाराशी आल्या आल्या म्हणाला, आधी मोबाइल दाखव. दाखवला. तो घेऊन चपलांच्या कपाटात ठेवला, दार लावलं आणि म्हणाला, आता हरवला. मग दीड तास बडबडत होता. ऑफिसचे सात मिस्ड कॉल होते, त्यांचं काय करायचं ते बघते.