१९२५ ची एनएफएल नक्की जिंकली कोणी? माझं मत पॉट्सव्हिलला

स्कूलकिलकाठचा:
फिलाडेल्फियाहून गाडीने वर निघालं की दोनेक तासांत पॉट्सव्हिल लागतं. कोळशाच्या खाणींवर उभं राहिलेलं गाव. आम्ही गेलो होतो युएंगलिंगची ब्रुअरी बघायला (१८२९ ची, अमेरिकेतली सगळ्यात जुनी), पण डोक्यात घेऊन आलो ते एक भांडण. शंभर वर्षं झाली तरी ते मिटलेलं नाही.

ज्यांना अमेरिकन फुटबॉलचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९२० साली सुरू झालेली ही लीग (एनएफएल, नॅशनल फुटबॉल लीग, पैसे घेऊन खेळणाऱ्या संघांची) तेव्हा अगदीच कच्ची होती. फायनल हा प्रकारच नव्हता. संघ आपापसात सामने ठरवायचे, जिंकलेल्या-हरलेल्या सामन्यांची टक्केवारी काढायची, बरोबरीचे सामने हिशेबातच धरायचे नाहीत, आणि सीझननंतरच्या बैठकीत वरच्या संघाला विजेता म्हणायचं.

६ डिसेंबर १९२५ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर, बर्फात, पॉट्सव्हिल मरून्सनी शिकागो कार्डिनल्सना २१-७ असं हरवलं. हेच दोन संघ त्या वर्षी सगळ्यांच्या पुढे होते, त्यामुळे गावाने जल्लोष केला तो विजेतेपदाचाच. सहा दिवसांनी मरून्स फिलाडेल्फियात नोत्र देम विद्यापीठाच्या माजी खेळाडूंशी एक प्रदर्शनीय सामना खेळले आणि लीगचे अध्यक्ष जो कार यांनी त्यांना निलंबित केलं. कारण काय, तर फिलाडेल्फिया ही लीगमधल्याच दुसऱ्या संघाची, फ्रँकफर्ड यलो जॅकेट्सची हद्द. मरून्सचा प्रॉव्हिडन्सशी ठरलेला पुढचा सामना रद्द झाला. दरम्यान कार्डिनल्सनी घाईघाईने दोन दुबळे संघ गाठून दोन सामने जिंकले, टक्केवारी वर नेली, आणि नोंदवहीत विजेते म्हणून त्यांचं नाव आलं. आजही तेच आहे.

मैदानावर ज्याने हरवलं तो खाली आणि जो हरला तो वर. मला हे पटत नाही. तुम्हाला?

नियमावली:
मला पटतं. आणि तुम्ही 'हद्द' हा शब्द एका ओळीत गुंडाळलात, म्हणून जरा उलगडतो.

त्या काळी संघाचं पोट तिकिटांवर. टीव्ही नाही, हक्कांचे पैसे नाहीत. रिक्षा स्टँडवर दुसऱ्या स्टँडवाल्याने येऊन भाडं उचललं तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. फिलाडेल्फियाच्या शाइब पार्कवर मरून्स तो प्रदर्शनीय सामना खेळत होते त्याच शनिवारी फ्रँकफर्डचा घरच्या मैदानावर सामना होता. म्हणजे त्यांच्या गल्ल्यावर सरळ हात. कार यांनी मरून्सचे मालक डॉ. स्ट्रीगल यांना आधीच बजावलं होतं. डॉक्टरांचं म्हणणं काय, तर लीगच्या कचेरीतून फोनवर परवानगी मिळाली. सोसायटीच्या गच्चीवर मांडव घालायचा आणि विचारलं की "सेक्रेटरी फोनवर हो म्हणाले होते", हा त्यातलाच प्रकार. लेखी काय आहे ते दाखवा.

सातारी_मिसळ:
नियमावली साहेब, फ्रँकफर्डचा एवढा कळवळा नको. आधी हेही सांगा की पॉट्सव्हिलसारखं खाणीतलं गाव लीगमध्ये आलं कसं. पेनसिल्व्हेनियात रविवारी खेळांवर बंदी होती. फिलाडेल्फियात ती पाळायचे, म्हणून फ्रँकफर्ड खेळायचं शनिवारी. पॉट्सव्हिलमध्ये कोणी मनावर घ्यायचं नाही. मग लांबून आलेला संघ शनिवारी फ्रँकफर्डशी आणि रविवारी पॉट्सव्हिलशी खेळायचा, एका प्रवासखर्चात दोन सामने. शेजारी असण्याची सोय दोघांनाही होती. पण त्याच पॉट्सव्हिलने नोव्हेंबरअखेर फ्रँकफर्डला ४९-० असं लोळवलं की हद्द आठवते.

गॅलरीतला:
४९-० !! हे फुटबॉल आहे का पत्त्यांचे गुण?

आकडेमोड:
धागाकर्त्याने खरी गंमत सांगितलीच नाही. कार्डिनल्सच्या त्या दोन घाईच्या सामन्यांतला पहिला मिलवॉकी बॅजर्सशी. मिलवॉकीचे खेळाडू सीझन संपला म्हणून पांगले होते. अकराची जुळवाजुळव होईना. तेव्हा कार्डिनल्सच्याच एका खेळाडूने, आर्ट फोल्झने, आपल्या जुन्या हायस्कूलमधली चार पोरं आणून मिलवॉकीच्या बाजूने उभी केली. आपल्याकडे गावच्या अंडर-१९ स्पर्धेत दाढीवाले घुसवतात, इथे उलटं, व्यावसायिक सामन्यात शाळकरी मुलं. निकाल ५९-०.

प्रकरण बाहेर आल्यावर फोल्झवर आजन्म बंदी (पुढच्या वर्षी उठवली), कार्डिनल्सचे मालक ख्रिस ओब्रायन यांना १००० डॉलर दंड, मिलवॉकीच्या मालकाला ५०० डॉलर दंड आणि संघ विकून टाकायचा हुकूम. सामना नोंदीतून काढू असंही कार म्हणाले होते. काढला नाही.

आता पाटी-पेन्सिल घ्या. नोंदीप्रमाणे कार्डिनल्स ११ विजय, २ पराभव, १ बरोबरी. बरोबरी सोडली की ११ भागिले १३, म्हणजे ०.८४६. मरून्स १० विजय, २ पराभव, ०.८३३. त्यातून शाळकरी पोरांवरचा तो एक विजय वजा करा. कार्डिनल्स १०-२. मरून्स १०-२. तंतोतंत सारखे. आणि आपसातला सामना कोण जिंकलं? २१-७.

चार मुलांनी विजेता ठरवला म्हणा ना.

नियमावली:
गणित बरोबर आहे, ते मी नाकारत नाही. पण आपसातला सामना जिंकला की वर, हा निकष तेव्हा कुठे लिहिलेला होता? तो तुम्ही आजच्या गुणतक्त्यातून उचलून १९२५ मध्ये नेऊन ठेवताय. ६ डिसेंबरचा सामना फायनल होता असंही कोणी लिहून दिलेलं नव्हतं. पेपरवाले म्हणाले, गाव नाचलं, एवढंच. सीझन २० डिसेंबरपर्यंत खुला होता आणि जादा सामने खेळायला कोणालाच मनाई नव्हती. दुसरा जादा सामना हॅमंडशी, १३-०, त्यात काहीही काळंबेरं नाही. मरून्सनाही प्रॉव्हिडन्सशी खेळायचंच होतं. त्यांनी तो हक्क स्वतःच्या हाताने घालवला, एका प्रदर्शनीय सामन्याच्या गल्ल्यासाठी.

स्कूलकिलकाठचा:
त्या 'प्रदर्शनीय' सामन्याला इतकं हलकं लेखू नका. १९२५ मध्ये कॉलेजचा फुटबॉल म्हणजे खानदानी आणि पैसे घेऊन खेळणारे म्हणजे तमाशातले, असा सूर होता. नोत्र देमचे 'चार घोडेस्वार' (त्यांच्या चार गाजलेल्या खेळाडूंना पडलेलं नाव) तर देशाचे लाडके. त्यांना खाणगावच्या संघाने ९-७ हरवलं. शेवटी चार्ली बेरीने लाथेने मारलेल्या फील्ड गोलवर. (हाच बेरी पुढे बेसबॉलमध्ये मोठा अंपायर झाला, ते वेगळंच.) व्यावसायिक फुटबॉल पोरखेळ नाही, हे लीगला जे सांगायचं होतं ते मरून्सनी करून दाखवलं, आणि लीगने त्यांनाच हाकललं.

शिवाय जादा सामने ओब्रायन यांनी विजेतेपदासाठी ठरवलेच नव्हते म्हणतात. शिकागो बेअर्सनी नुकताच कॉलेज फुटबॉलचा लाडका खेळाडू रेड ग्रेंज घेतला होता, त्याच्या नावावर मैदानं ओसंडत होती. नोव्हेंबरात कार्डिनल्स-बेअर्स सामना ०-० सुटला त्यालाही तोबा गर्दी. आपला संघ वर दिसला तर बेअर्स पुन्हा खेळायला येतील आणि गल्ला भरेल, हा हिशोब. म्हणजे गल्ल्यासाठी खेळले दोघेही. शिक्षा मात्र विजेतेपदाची एकालाच.

मृण्मयी_ओहायो:
मी दोन्ही बाजूंनी नाही. पण बरोबरीचे सामने सोडून टक्केवारी काढायची ही पद्धतच मुळात भयंकर होती, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहिते.

१९३२ बघा. ग्रीन बे पॅकर्स १० सामने जिंकले, ३ हरले. बेअर्स जिंकले फक्त ६, हरले १, आणि बरोबरीत सोडवले ६. आमच्या ओहायोतलं पोर्ट्समथ स्पार्टन्स ६ विजय, १ पराभव, ४ बरोबरी. बरोबरी गाळा. दहा जिंकणारे पॅकर्स तिसरे! सहा जिंकणारे दोघे पहिले! मग त्या दोघांचा एक जादा सामना ठेवला. १८ डिसेंबर, शिकागोत कडाक्याची थंडी आणि बर्फ, म्हणून सामना नेला शिकागो स्टेडियममध्ये, छपराखाली. आत नुकतीच सर्कस होऊन गेलेली, खाली तिचीच माती. आणि मैदान मावेना, म्हणून सगळं मिळून ८० यार्डांचं केलं. खरं असतं १२०. पोर्ट्समथचा हुकमी खेळाडू डच क्लार्क तर आलाच नाही, कारण कोलोरॅडोच्या कॉलेजात बास्केटबॉल शिकवायची त्याची नोकरी होती, तिथून सुट्टी नाही. बेअर्स ९-० ने जिंकले. पुढच्या वर्षापासून लीगने दोन गट केले आणि रीतसर फायनल सुरू केली.

नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला नेट रनरेट परवडला.

गॅलरीतला:
सर्कशीच्या मातीत फायनल. आता वासाबद्दलही कोणीतरी लिहा.

आकडेमोड:
मृण्मयीताई, तुम्ही बाजू न घेता आमच्याच बाजूला आलात, धन्यवाद. नियमावली साहेबांसाठी १९२१ पण आणतो. बफेलो आणि शिकागो स्टेलीज (पुढचे बेअर्स). बफेलोने आधी ७-६ ने हरवलं. मग आणखी एक सामना खेळले, बफेलोवाल्यांच्या मते निव्वळ प्रदर्शनीय, त्यात १०-७ ने हरले. लीगने तो धरला आणि विजेतेपद स्टेलीजना. म्हणजे १९२१ मध्ये प्रदर्शनीय सामना मोजला म्हणून एकाचं गेलं, १९२५ मध्ये प्रदर्शनीय सामना खेळला म्हणून दुसऱ्याचं गेलं. ज्या लीगची नियमावली अशी, तिच्यावर तुमचं आयडी आहे.

नियमावली:
आयडीवर घसरलात म्हणजे मुद्दे संपले. २००३ मध्ये पॉट्सव्हिलने पुन्हा अर्ज केला होता, राज्याचे गव्हर्नर रेंडेल पाठीशी होते. संघमालकांनी प्रकरण पुन्हा उघडायला ३० विरुद्ध २ मतांनी नकार दिला. ३०-२. आणखी काय पाहिजे?

सातारी_मिसळ:
ते दोन कोण तेही सांगा की. पिट्सबर्ग स्टीलर्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स, दोन्ही पेनसिल्व्हेनियाचे. म्हणजे भावकीची मतं मिळाली आणि बाकीच्यांना देणंघेणं नव्हतं. मालकांच्या मतदानाने इतिहास ठरत असेल तर आमच्या पतसंस्थेतही बरंच काही ठरलंय.

स्कूलकिलकाठचा:
एक गोष्ट राहिली, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी. ओब्रायन यांना १९२५ चं विजेतेपद देऊ केलं तेव्हा त्यांनी ते घेतलं नाही. ज्यांनी आम्हाला हरवलं त्यांच्या वरचा मान नको, अशी भूमिका. दंड झालेला, शाळकरी पोरांचं लचांड अंगावर आलेलं, तरी एवढी लाज त्या माणसाने राखली. हक्क सांगितला तो नंतर संघ विकत घेणाऱ्या बिडविल कुटुंबाने. त्यांचंही कळतं. संघ शिकागोहून सेंट लुइसला गेला, तिथून ॲरिझोनाला, आणि एवढ्या वर्षांत नावावर विजेतेपदं दोनच, १९२५ आणि १९४७. त्यातलं एक कोण सोडेल?

मरून्स १९२८ नंतर बॉस्टनला गेले आणि एका सीझनमध्ये संपले. परत घ्यायला संघच नाही.

नियमावली:
ओब्रायनचा मुद्दा मान्य, त्याला उत्तर नाही माझ्याकडे. निलंबन योग्य होतं यावर ठाम आहे. पण मिलवॉकीचा सामना काढायला हवा होता. तो काढून बरोबरी होत असेल तर दोघांची नावं लिहा आणि मोकळे व्हा, अर्धं अर्धं.

स्कूलकिलकाठचा:
अर्धं कशाला? लीगने चषक दिला नाही म्हणून मरून्सवाल्यांनी स्वतःच एक करून घेतला होता, अँथ्रासाइट कोळशातून कोरलेला. तो कँटनच्या फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये (संग्रहालयात) आहे. अख्खा आहे.