टक्के भरले तरी फिनिश डेट हलत नाही: प्लॅन आणि प्रत्यक्ष कामाची नोंद कशी ठेवायची?

मकरपुऱ्याची प्लॅनर

नमस्कार मंडळी. मी बडोद्याला स्ट्रक्चरल फॅब्रिकेशनच्या एका कंपनीत प्लॅनिंग बघते. शॉप मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आहे आणि इरेक्शन (उभारणी) सावली तालुक्याच्या बाजूला एका प्लांटमध्ये चालू आहे. शेड्यूल मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये, डेस्कटॉपवरच्या.

शनिवारी संध्याकाळी सुपरवायझर व्हॉट्सॲपवर आकडे पाठवतात. "पाइप रॅक ६० टक्के, प्लॅटफॉर्म ३० टक्के." इथे पद्धत अशी की ते आकडे पर्सेंट कम्प्लीटच्या रकान्यात टाकायचे आणि सोमवारी क्लायंटच्या रिव्ह्यूला प्रिंट घेऊन जायचं.

पाइप रॅकचंच, म्हणजे पाइप ठेवायच्या पोलादी सांगाड्याचं सांगते. प्लॅन होता ३ नोव्हेंबर २०२५ ला सुरू, कामाचे २० दिवस, फक्त रविवारची सुट्टी. म्हणजे २५ नोव्हेंबरला संपायला हवं. पण दाहोदकडची आमची माणसं दिवाळीला गावी गेली की देवदिवाळी करूनच परत येतात. देवदिवाळी होती ५ तारखेला, त्यामुळे प्रत्यक्ष काम लागलं १० नोव्हेंबरला. २२ च्या शनिवारी ६० टक्के आले, ते भरले. प्रोजेक्ट तरीही फिनिश २५ नोव्हेंबरच दाखवतं आणि व्हेरियन्स (मूळ प्लॅनपेक्षा पडलेला फरक) शून्य! शॉपमध्ये जाऊन बघितलं तर दोन बे (रॅकचे गाळे) नुसते टॅक करून, म्हणजे ठिकठिकाणी तात्पुरतं वेल्ड मारून उभे आहेत, पक्कं वेल्डिंग व्हायचंय, पेंटला एकही मेंबर (सांगाड्याचा सुटा भाग) गेलेला नाही. दोन दिवसांत हे आटोपणार नाही हे तिथे उभ्या असलेल्या कुणालाही दिसेल. मग सॉफ्टवेअरला का दिसत नाही?

दुसरा प्रश्न. मध्ये क्लायंटने काही ड्रॉइंग बदलली. आमचे साहेब म्हणतात, "जुना प्लॅन आता राहिलाच कुठे, बेसलाइन परत सेव्ह कर." बेसलाइन म्हणजे तुलनेसाठी जपून ठेवलेला मूळ प्लॅन; तीच परत सेव्ह केली की सगळा उशीर पुसला जातो आणि ते मला पटत नाही. पण बदललेल्या कामाचं काय करायचं, हेही कळत नाही. ज्यांनी हे रोज केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

रावपुरा काका

ताई, प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. फॅक्टरी आणि प्लांटच्या प्लॅनिंगमध्ये माझी नोकरी गेली, आता निवृत्त आहे, तेव्हा निवांत लिहितो.

सॉफ्टवेअर तुमच्याकडून फक्त एक आकडा घेतं, ६०. बाकीचं ते स्वतः गृहीत धरतं. ॲक्चुअल स्टार्ट तुम्ही भरली नाही, म्हणून ते प्लॅनमधली सुरुवात, ३ नोव्हेंबर, हीच प्रत्यक्ष सुरुवात मानतं. मग २० दिवसांचे ६० टक्के म्हणजे १२ दिवस झाले असं धरतं. ३ तारखेपासून कामाचे १२ दिवस मोजा, १५ नोव्हेंबर येते. उरलेले ८ दिवस ते १७ पासून पुढे मांडतं आणि पुन्हा २५ वर येऊन थांबतं. म्हणजे २२ तारखेला उभं राहून ते सांगतंय की उरलेलं काम गेल्या सोमवारपासून चालू आहे. गणित चोख, पण तुमच्या शॉपशी त्याचा संबंध नाही.

आता हेच खरं भरून बघू. सुपरवायझरला टक्के विचारू नका. तीन गोष्टी विचारा: काम लागलं कधी, संपलं असेल तर कोणत्या दिवशी, आणि संपलं नसेल तर सोमवारपासून अजून किती दिवस. हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "साठ टक्के" म्हणताना माणूस मागे वळून बघतो आणि झालेलं काम त्याला मोठं वाटतं. "अजून किती दिवस" म्हटलं की त्याला उरलेले जॉइंट मोजावे लागतात, वेल्ड तपासणारा रेडिओग्राफीवाला कधी येणार ते आठवावं लागतं, ब्लास्टिंगचं (पेंटआधी गंज काढायचं) यार्ड रिकामं आहे का ते बघावं लागतं.

समजा त्याने १४ दिवस सांगितले. टास्क सिलेक्ट करून अपडेट टास्क्सची खिडकी उघडा. ॲक्चुअल स्टार्ट १० नोव्हेंबर, ॲक्चुअल ड्युरेशन १२ दिवस (१० ते २२, रविवार सोडून), रिमेनिंग ड्युरेशन १४ दिवस. ड्युरेशन आपोआप २६ होईल, पर्सेंट कम्प्लीट होईल ४६ आणि फिनिश जाईल ९ डिसेंबरला. फिनिश व्हेरियन्स कामाचे १२ दिवस. त्यातले ६ दिवस उशिरा सुरू झाल्याचे आणि ६ काम लांबल्याचे. सोमवारी क्लायंटपुढे ही फोड ठेवता येते, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. माणसं उशिरा आली याला एक उपाय, वेल्डिंग मंद चाललंय याला दुसरा.

कॅलेंडर मात्र तपासा. प्रोजेक्टचं मूळ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवारचं असतं. शनिवार कामाचा केला नसेल तर वरचे आकडे जुळणार नाहीत.

स्टेटस डेटही दर वेळी भरा. ती भरली नाही तर प्रोजेक्ट आजची तारीख धरतं. आकडे शनिवारचे आणि फाइल उघडली सोमवारी, की प्लॅन्ड व्हॅल्यू (प्लॅनप्रमाणे तोवर व्हायला हवं होतं तेवढ्या कामाची किंमत) सोमवारपर्यंतची मोजली जाते. २२ नोव्हेंबरचे आकडे असतील तर स्टेटस डेट २२ नोव्हेंबर.

कुठल्या टास्कचं उरलेलं काम मागच्या तारखांना लटकलेलं दिसलं, तर अपडेट प्रोजेक्टमध्ये न झालेलं काम ठरावीक तारखेनंतर ढकलायची सोय आहे. ती जपून वापरा. मुळीच सुरू न झालेल्या टास्कवर ती "या तारखेआधी सुरू नको" असं कन्स्ट्रेंट लावते. पुढे लॉजिक (टास्कची एकमेकांशी जोडणी) बदलूनही टास्क मागे का येत नाही म्हणून डोकं धरून बसाल, तेव्हा कारण बहुधा हे निघेल.

बेसलाइनबद्दल तुमचं मन बरोबर सांगतंय. प्रोजेक्टमध्ये एकूण ११ बेसलाइन ठेवता येतात, एक मूळ आणि तिच्यापुढे १ ते १०. मग मूळ पुसायची गरजच काय? तिला हात लावू नका. ड्रॉइंग बदलल्यामुळे जी कामं वाढली किंवा बदलली तेवढीच सिलेक्ट करा आणि सेट बेसलाइनमध्ये "सिलेक्टेड टास्क्स" निवडून बेसलाइन १ मध्ये सेव्ह करा. तेही क्लायंटची लेखी मंजुरी हातात आल्यावर. मल्टिपल बेसलाइन्स गँट या पट्ट्यांच्या तक्त्यात जुनी-नवी पट्टी एकाखाली एक दिसते. सेट बेसलाइनच्या खिडकीत प्रत्येक बेसलाइनपुढे ती शेवटची कधी सेव्ह झाली ती तारीखही असते. उद्या कुणी मूळ बेसलाइनवर पुन्हा सेव्ह केलं तर ती तारीख बदललेली दिसेल, म्हणून दर महिन्याला फाइलची एक प्रत वेगळी ठेवून द्या.

साहेबांना हे सांगायचं असेल तर पैशाच्या बाजूने सांगा. कॉन्ट्रॅक्टमध्ये उशिराबद्दल लिक्विडेटेड डॅमेजेसचं (करारात आधीच ठरवलेल्या भरपाईचं) कलम असणारच. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. पण उशीर कुणामुळे झाला हे दाखवायला मूळ प्लॅन लागतो. ड्रॉइंग उशिरा आली म्हणून मुदतवाढ मागायची आणि ड्रॉइंग कधी यायला हवी होती ते दाखवणारी बेसलाइन आपणच पुसून टाकलेली, मग काय मागणार?

हालोलचा साइटवाला

काकांचं सगळं मान्य, पण साइटची बाजूही लिहितो. आम्ही टक्के देतो कारण आमचं आरए बिल (झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याने निघणारं बिल) टक्क्यांवर निघतं. बिलाचा टक्का आणि वेळेचा टक्का हे दोन वेगळे आकडे आहेत आणि ऑफिसने ते एकाच रकान्यात कोंबू नयेत.

ताई, प्रोजेक्टमध्ये फिजिकल पर्सेंट कम्प्लीट नावाचा वेगळा रकाना आहे. त्यात भरल्याने तारखा हलत नाहीत. आमच्याकडे त्यासाठी क्लायंटशी आधीच वाटणी ठरवलेली असते: कटिंग १५, फिटअप (तुकडे जुळवून टॅक करणं) २५, वेल्डिंग ३५, टेस्टिंग १०, ब्लास्टिंग आणि पेंटिंग १५. मेंबर फिटअप होऊन टॅकवर उभा असेल तर त्याचे ४० झाले, कुणाला वाटो वा न वाटो. तुमच्या त्या दोन बेचं वजन घ्या आणि या हिशेबाने मांडा, ६० कुठून आले ते लगेच कळेल. बहुतेक सुपरवायझरने उभं दिसणारं स्टील मोजलंय.

आणि हिंडरन्स रजिस्टर (कामात आलेल्या अडथळ्यांची वही) ठेवा. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमचं मटेरियल शहरातल्या गोडाऊनमध्ये अडकलं होतं. त्या त्या दिवशी रजिस्टरमध्ये नोंद आणि क्लायंटच्या इंजिनिअरची सही होती, म्हणून मुदतवाढीत ते दिवस वाद न होता धरले गेले. नंतर आठवून लिहिलेल्या नोंदीला कुणी विचारत नाही.

डेटा डेट

मी पुण्यात प्रिमाव्हेरा पी६ या दुसऱ्या शेड्यूलिंग सॉफ्टवेअरवर काम करतो. माहेर बडोद्याचं असलेल्या आईला हा धागा वाचून दाखवला, दांडिया बाजारची आठवण काढत बसली. असो.

पी६ मध्ये ही गफलत थोडी कमी होते. ॲक्टिव्हिटीचा पर्सेंट कम्प्लीट टाइप फिजिकल ठेवला की टक्का भरला तरी रिमेनिंग ड्युरेशन जागची हलत नाही, ती वेगळी भरावीच लागते. शेड्यूल चालवताना डेटा डेट (प्रगतीचे आकडे ज्या तारखेपर्यंतचे आहेत ती) द्यावी लागते आणि उरलेलं काम तिच्या मागे राहत नाही.

पण तिथे एक दुसरा खड्डा आहे. बेसलाइन नेमलीच नसेल तर पी६ चालू प्रोजेक्टलाच बेसलाइन धरतं, म्हणजे प्रोजेक्टची तुलना स्वतःशीच. सगळीकडे व्हेरियन्स शून्य. कुणी पी६ चा शून्य उशिराचा रिपोर्ट दाखवला तर आधी कोणती बेसलाइन नेमलीय ते विचारा.

अजून एक. क्लायंट एसपीआय (शेड्यूल परफॉर्मन्स इंडेक्स) मागत असेल तर तो शेवटपर्यंत एकटा वापरू नका. एसपीआय म्हणजे अर्न्ड व्हॅल्यू (प्रत्यक्ष झालेल्या कामाची प्लॅनमधली किंमत) भागिले प्लॅन्ड व्हॅल्यू. काम कितीही उशिरा संपलं तरी संपल्यावर दोन्ही आकडे सारखेच होतात आणि एसपीआय १ वर येतो. शेवटच्या टप्प्यात क्रिटिकल पाथवरच्या (शेवटची तारीख ज्या कामांच्या साखळीवर ठरते तिच्यावरच्या) रिमेनिंग ड्युरेशन बघाव्यात.

मकरपुऱ्याची प्लॅनर

काका, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी सांगितलं तसं भरून बघितलं आणि फिनिश खरंच ९ डिसेंबरवर गेली. तिच्या मागोमाग डिस्पॅच सरकला आणि सावलीच्या इरेक्शनची क्रेनही. क्रेनवाल्याला आजच फोन करून तारीख बदलून घेतली, नाहीतर रिकाम्या क्रेनचं भाडं लागलं असतं. हे साहेबांना दाखवलं तेव्हा बेसलाइनचा विषय त्यांनी स्वतःच सोडला. वाटणीचा तक्ता सोमवारी क्लायंटपुढे ठेवणार आहे.

एकच शंका राहिली. प्लॅटफॉर्मच्या ड्रॉइंगवर क्लायंटने होल्ड टाकलाय, काम अर्धवट थांबलंय आणि होल्ड कधी उठेल माहीत नाही. रिमेनिंग ड्युरेशन काय भरू?

रावपुरा काका

रिमेनिंग ड्युरेशन खऱ्या कामाची जेवढी आहे तेवढीच ठेवा. होल्डचे दिवस तिच्यात मिसळले तर शॉप मंद चाललंय असं दिसेल. "क्लायंटचा होल्ड, प्लॅटफॉर्म ड्रॉइंग" अशी वेगळी टास्क घाला, तिची ॲक्चुअल स्टार्ट म्हणजे होल्डच्या पत्राची तारीख. प्लॅटफॉर्मची उरलेली फॅब्रिकेशन वेगळ्या टास्कमध्ये काढा आणि होल्डच्या मागे फिनिश टू स्टार्ट (आधीचं संपल्यावरच पुढचं सुरू) जोडा. होल्डची ड्युरेशन दर शनिवारी एक आठवडा पुढे न्या आणि पत्राचा क्रमांक टास्कच्या नोट्समध्ये टाका. सोमवारच्या मीटिंगला होल्ड कधी उठणार हे क्लायंटच्याच तोंडून तारखेसह मिनिट्समध्ये लिहून घ्या आणि मग तीच तारीख भरा.