भाच्याला रात्री-बेरात्री असं झालं तर नागपुरात बोलवायचं कोणाला?

मानेवाड्याचा मामा:
मंडळी, जरा अर्जंट आहे. भाचा 17 वर्षांचा, नीटची तयारी करून राहिला होता, आता क्लास बंद, दिवसभर खोलीत. ताट दाराबाहेर ठेवावं लागते, वरण-भात तसाच वाळून जाते. परवा रात्री ताईले म्हणे, मी नसतो तर तुमचे पैसे वाचले असते. भाऊजी म्हणतात नाटकं आहेत, आजी म्हणते नजर लागली, अन दवाखान्याचं नाव काढलं की ताई म्हणते माझ्या पोराले पागलखाना चौकात नेता का. दिवसा डॉक्टर भेटेल हो, पण रात्री दोनला घरी कोण येते? शेजाऱ्यांना सांगावं तर बोभाटा होते.

वर्धा रोडवाली:
आधी आजची रात्र बघा. टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. पोरगा बोलत नसेल तर ताईंनी स्वतःच लावावा, घरच्यांसाठीही आहे तो. भाच्याला सरळ विचारा, मरायचं मनात येतं का? विचारल्याने डोक्यात कल्पना शिरते हा गैरसमज आहे, उलट पोरं मोकळी होतात. घरातली औषधं, फवारणीचं काही असेल तर ते, आजच कुलपात ठेवा आणि त्याला एकटं सोडू नका. करतोच म्हणत असेल किंवा काही करून बसला तर कोणाची वाट न पाहता 108, नाहीतर सरळ मेडिकलची (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याची) कॅज्युअल्टी.

रामभरोसे:
मोबाईल काढून घ्या, दोन दिवसात सुधरते. आमच्या वेळी काहून नव्हतं हे डिप्रेशन.

वर्धा रोडवाली:
होतं दादा, घरात दाबून ठेवायचे. अशा वेळी फोन हिसकला तर रात्री मित्राशी बोलायची वाटही बंद.

हुडकेश्वर एक्सप्रेस:
बोभाट्याचं म्हणाल तर अख्ख्या गल्लीला सांगायचंच नाही, दोन माणसं पुरे, आणि कोण ते भाच्याने ठरवावं. एक त्याच्याजवळ बसेल, दुसरा भाऊजींना चहाला बाहेर नेईल, कारण नाटकं म्हणणारा बाप बहुतेक आतून घाबरलेला असतो (माझे वडील तसेच होते). रात्री गाडी काढणारा एक, ताईला तासभर झोपू देणारी एक, एवढं जमलं तरी घर तगते. आणि हे काही हवेत नाही बोलत, आपल्याच विदर्भात, अमरावतीकडच्या गावांत विश्राम प्रकल्पात गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं होतं. डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी 4.3 टक्के होते, दीड वर्षाने 27.2 टक्के. तिथे दारात येणारा ओळखीचा होता, म्हणून लोक बोलले असतील असं मला वाटते.
पण शेजारी म्हणजे डॉक्टर नाही हं. सायकियाट्रिस्टला दाखवाच. गोळ्या सुरू झाल्या तर फरक पडायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत बंद करू नका.

मानेवाड्याचा मामा:
पोलिसांची भानगड तर नाही ना होणार? अन भरती केलं तर मोठ्या पेशंटमध्ये ठेवतील, ताईले तीच धास्ती आहे.

वर्धा रोडवाली:
2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दोन्ही आहे. कलम 115 म्हणते, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणात होता असं धरायचं, शिक्षा नाही. आणि 18 च्या आतल्या मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं, घरचं माणूस सोबत राहते. पण दाखवायला नेलं म्हणजे भरतीच, असं कुठे आहे? बहुतेकांचं ओपीडीवरच भागते. मेडिकलला मानसोपचाराचा वेगळा विभाग आहे, मिहानच्या एम्समध्येही आहे.

मानेवाड्याचा मामा:
काल विचारलं त्याले सरळ. खूप वेळ गप्प होता, मग म्हणे, येते मनात, पण आईले सांगू नको. मी म्हटलं, लपवणार नाही बेटा, सोबत बसून सांगू. रडला. मग ताईजवळ तिघं बसलो. रात्री त्याच्या खोलीतच झोपलो. दुसरा माणूस म्हणून त्याने क्लासच्या दोस्ताचे पप्पा सांगितले, मले वाटलंच नव्हतं. भाऊजी अजून फुगूनच आहेत, पण औषधांच्या कपाटाची चावी त्यांनीच खिशात ठेवली. सोमवारी मेडिकलला नेतो. केसपेपरले गर्दी असते का?

हुडकेश्वर एक्सप्रेस:
सोमवारी तर विचारूच नका. लवकर निघा, आधीच्या गोळ्या-चिठ्ठ्या असतील तर घ्या, आणि भाऊजींना लायनीत उभं करा, तेवढंच कामाला लागतील. तोवर रात्री काही वाटलं तर 14416 आहेच.