निकाल चुकला, तर तो खोडून काढायचं काम घरच्यांनीच करायचं का?

आडवाट:
नाशिक जिल्ह्यातलं २००३ चं प्रकरण आठवतंय? दरोडा, खून, बलात्कार. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने पोलिसांकडच्या फोटोंतून आधी वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं आणि ते दडवलं गेलं होतं. सोळा वर्षं तुरुंगात, भरपाई प्रत्येकी ५ लाख.

त्यांचं म्हणणं खुल्या कोर्टात पुन्हा ऐकलं गेलं, कारण शिक्षा फाशीची होती. फाशीच्या प्रकरणात फेरविचार याचिका खुल्या कोर्टात ऐकायची, हे २०१४ ला ठरलं. जन्मठेपवाल्याची याचिका सहसा न्यायाधीशांच्या दालनातच, कागद वाचून निकाली निघते. मग त्याच्यासाठी धावायला उरतं कोण? आई, बायको, भाऊ. ब्रिटनमध्ये १९९७ पासून चुकलेले निकाल तपासायला स्वतंत्र आयोग आहे. तो पोलिसांकडून कागद मागवू शकतो, प्रकरण पुन्हा अपील न्यायालयाकडे पाठवू शकतो. आपल्याकडे असा आयोग हवाच, असं माझं मत.

खंडेराव:
साफ विरोध. सत्र, उच्च, सर्वोच्च, मग फेरविचार, वर २००२ पासून क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे फेरविचार फेटाळल्यावरही करता येणारी शेवटची याचिका. अजून किती दारं उघडायची? माझ्या आतेभावाचा खून झाला. दर तारखेला आत्या आरोपीसमोर बसायची आणि घरी येऊन जेवायची नाही. निकाल लागल्यावर ती पहिल्यांदा शांत झोपली. उद्या आयोगाचं पत्र आलं की पुन्हा पहिल्यापासून? आणि सुटलेला प्रत्येक जण निरपराध नसतो. कितीतरी जण संशयाचा फायदा मिळून सुटतात.

मृण्मयी_क:
खंडेराव, तुमच्या आत्यांचं दुःख मला कळतं. पण दुसरी बाजूही ऐका. माझ्या मामाला जन्मठेप झाली होती. पैसे संपले तसे वकील तारखेला दिसेनासे झाले. मामी सातवी शिकलेली. तिने नकलेसाठी अर्ज करून सगळे कागद घरी आणले. निकाल इंग्रजीत, पण पंचनामे मराठीत. रोज रात्री ती ते मोठ्याने वाचायची, आम्ही पोरं ऐकायचो. हत्यार जप्तीच्या पंचनाम्यावर वेळ दुपारी ४ ते ४.४०. कपडे जप्तीचा पंचनामा दुसऱ्या गावातला, सुरू ४.१५ ला. दोन्हीवर पंच तोच, सही तीच! उलटतपासणीत हे कुणीच विचारलं नव्हतं. सरकारी मोफत विधी सेवेतून मिळालेल्या वकीलबाईंनी अपिलात हा मुद्दा लावून धरला आणि मामा सुटला. गावात अजून "संशयाचा फायदा मिळाला" असंच म्हणतात. त्यावरून मामेबहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. मामीच्या नजरेतून ती वेळ निसटली असती, तर मामा आजही आत असता.

सनद:
फौजदारी वकिली करतो. आडवाट, तुमचा हेतू पटतो, उपाय पटत नाही. ब्रिटनच्याच अँड्र्यू मॅलकिन्सनचं बघा. न केलेल्या बलात्कारासाठी सतरा वर्षं तुरुंगात. या आयोगाने त्याचा अर्ज दोनदा फेटाळला. शेवटी डीएनएवरून २०२३ मध्ये शिक्षा रद्द झाली, पण त्यासाठी झटली एक सेवाभावी संस्था. आयोग नेमला म्हणजे काम झालं असं होत नाही. आपली चूक खालीच होते: तपासात आणि पहिल्या उलटतपासणीत. मृण्मयीताईंच्या मामांना विधी सेवेची वकील पहिल्या दिवशी मिळाली असती तर? पैसा तिथे घाला. अशा चुकीच्या खटल्यांत भरपाईसाठी कायदा करा, असं कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या आपल्या विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात सांगूनही तसा कायदा झालेला नाही. विनाकारण अटक करवणाऱ्याकडून दंडाधिकारी जी भरपाई देववू शकतो, तिची मर्यादा आजही १००० रुपये आहे.

आडवाट:
मॅलकिन्सनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. इतक्या वर्षांनी तपासायला नमुना शिल्लक होता, कारण तो जपून ठेवला होता. आपल्याकडे अपील संपलं की मुद्देमालाची विल्हेवाट लागते. मग घरच्यांनी काय घेऊन कोर्टात जायचं? विधी सेवेला पैसा द्याच, पण जे आज आत आहेत त्यांना त्याचा उपयोग नाही.

खंडेराव:
मुद्देमाल जपून ठेवा, याला माझी हरकत नाही. पण आयोग झालाच, तर मयताच्या घरच्यांना पहिल्या दिवसापासून नोटीस गेली पाहिजे, बोलायची संधी मिळाली पाहिजे. नाशिकच्या निकालानंतर सगळे त्या सहा जणांबद्दल बोलले. ज्यांच्या घरावर दरोडा पडला, त्यांच्याशी कोण बोललं?

मृण्मयी_क:
हे मात्र शंभर टक्के मान्य. मामा सुटला त्या दिवशी मयताचा भाऊ कोर्टाबाहेर मामीला म्हणाला, "मग मारलं कुणी?" त्याचा तपास पुन्हा उघडलाच नाही. आयोगाच्या मसुद्यात हे कलम आधी घाला: शिक्षा रद्द झाली की त्याच दिवशी नवा तपास, आणि तो दुसऱ्या अधिकाऱ्याकडे.