मदत हवी आहे: अ‍ॅल्युमिनियमला चिकटवलेल्या अ‍ॅबसॉर्बर शीटचे एप्सिलॉन आणि म्यू, न कापता

नमस्कार मंडळी,

अ‍ॅबसॉर्बर (मायक्रोवेव्ह लहरी शोषणारी) शीट म्हणजे कार्बोनिल आयर्नची (बारीक लोखंडाची) पूड घातलेलं सिलिकॉन रबर आहे. जाडी १ मिमी, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर कायमचं चिकटवलेलं. एक्स-बँडमध्ये (८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झ) कॉम्प्लेक्स (वास्तव आणि काल्पनिक भागांसह) एप्सिलॉन आणि म्यू, म्हणजे पदार्थाचा विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद, दोन्ही हवेत. तुकडा कापता आला असता तर निकोल्सन-रॉस-वीअरने (तुकड्यावरून परतलेली आणि आरपार गेलेली लहर मोजायची पद्धत) काम भागलं असतं, पण पत्रा जसाच्या तसा परत द्यायचाय, ओरखडाही चालणार नाही.

म्हणून डब्ल्यूआर-९० वेव्हगाइडचं (लहर नेणारी धातूची चौकोनी नळी) उघडं तोंड (२२.८६ × १०.१६ मिमी) शीटवर टेकवून एस-११ (परतलेल्या लहरीचं मोजमाप) घेतोय. कॅलिब्रेशन शॉर्ट (तोंड धातूने बंद), ऑफसेट शॉर्ट (तेच थोड्या अंतरावर) आणि मॅच्ड लोडने (लहर परत न पाठवणारा). गणितात फ्लँज (तोंडाभोवतीचा धातूचा सपाट भाग) अनंत धरलेला असतो, म्हणून तोंडाभोवती मोठी सपाट प्लेट जोडली आहे. नाहीतर फ्लँजच्या कडेवरून परतणारी लहर आकड्यांत मिसळते.

मागे धातू, त्यामुळे पलीकडून काहीच मोजता येत नाही. हाती एक कॉम्प्लेक्स आकडा आणि अज्ञात दोन. दुसरं मोजमाप म्हणून शीट आणि फ्लँजच्या मध्ये ३ मिमी टेफ्लॉन सारून पुन्हा एस-११ घेतला. दोन्ही मिळून सोडवलं की म्यू गुळगुळीत येतो. एप्सिलॉन मात्र ८.२ च्या बाजूला नुसता नाचतो, १२ च्या पुढे जरा माणसात येतो. फ्लँज थोडा जोरात दाबला तरी तोच हलतो, म्यू ढिम्म.

टेफ्लॉन जाड घेऊन फरक पडेल का? की पद्धतच बदलू? व्हीएनए (हे मोजणारं यंत्र) १८ गिगाहर्ट्झपर्यंत जातो.

प्रतिसाद:

टेफ्लॉन जाड करून फार काही हाती लागणार नाही. तो शीटच्या वर आहे, त्यामुळे शीटचा पृष्ठभागावरचा इम्पिडन्स (तिथल्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राचं गुणोत्तर) तोच राहतो, फक्त टेफ्लॉनमधून दिसतो. सपाट लहर असती तर नवी माहिती शून्य. तुम्हाला थोडीफार मिळतेय ती तोंडातून लहर वेगवेगळ्या कोनांत पसरते म्हणून. तोच थर शीटच्या मागे घालता आला असता तर गोष्ट वेगळी, पण तिथे गोंद आहे.

एप्सिलॉन नाचणारच. धातूलगत स्पर्शरेषेतलं विद्युतक्षेत्र शून्य आणि चुंबकीय क्षेत्र कमाल. पातळ शीटचा इम्पिडन्स ढोबळमानाने ओमेगा (२ पाय गुणिले फ्रिक्वेन्सी) गुणिले म्यू गुणिले जाडी. एप्सिलॉन त्या पहिल्या पदात येतच नाही. शीट पाव तरंगलांबीच्या जवळ गेली की तो दिसू लागतो. एप्सिलॉन १० आणि म्यू १.२ धरलात तर १० गिगाहर्ट्झला ही पाव लांबी सुमारे २.२ मिमी, म्हणजे तुमची शीट निम्म्याहून कमी. १८ ला ती १.२ मिमीवर येते!

तेव्हा डब्ल्यूआर-६२ लावा (१२.४ ते १८) आणि एप्सिलॉन तिथून काढा. अशा मिश्रणात तो फ्रिक्वेन्सीबरोबर म्यूच्या मानाने फारच कमी बदलतो. तोच एक्स-बँडमध्ये घालून फक्त म्यू सोडवा. एका प्लेटमध्ये दोन तोंडं शेजारी-शेजारी करून एस-२१ (एका तोंडातून दुसऱ्यात पोचलेली लहर) घेणं हाही मार्ग आहे. मात्र तोंडं लांब ठेवलीत तर अ‍ॅबसॉर्बर सिग्नल गिळून टाकतो, आणि मशिनिंगचा खर्च वेगळाच.

धागाकर्ता:

डब्ल्यूआर-६२ चा अडॅप्टर मिळेल, प्लेट नवी करावी लागेल. कडेची लहर १८ ला किती त्रास देते? रबरच तिला शोषून घेत असेल तर लहान प्लेटवर भागेल का?