मदत हवी आहे : बस, रेल्वे, सायकल एकाच आवारात कशी जोडायची?

मंडळी, रेल्वे स्थानकाला लागूनच बसथांबा, रिक्षा आणि भाड्याच्या सायकली असं छोटं केंद्र आखतोय. जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये २००३ पासून 'मोबिल पुंक्ट' नावाने अशी ठिकाणं आहेत, सामायिक मोटारींसकट. म्हणजे कल्पना नवी नाही.

घोडं अडलंय ते गाडी बदलण्याच्या वेळेवर. कागदावर पाच मिनिटं पुरतात. प्रत्यक्षात दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या बाई जिना उतरून, रस्ता ओलांडून येईपर्यंत बसचा मागचा दिवाच दिसतो! स्वित्झर्लंडमध्ये १९८२ पासून देशभर रेल्वेगाड्या दर तासाला ठरलेल्या मिनिटाला सुटतात, त्यामुळे बसची वेळ जुळवणं सोपं जातं. पण गाडीला उशीर झाला तर बस किती थांबवायची? पुढच्या थांब्यावरची माणसं बोंबलणारच.

चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचा वेळ धरून कोणी अंतर मोजलंय का? कसं?

आणि सगळ्यात किचकट म्हणजे सामायिक आवाराची देखभाल. शेडमधला दिवा गेला की रेल्वेवाले बसवाल्यांकडे बोट दाखवतात, बसवाले रेल्वेकडे. तुमच्या करारात याबद्दल नेमकं काय लिहिलंय? मसुदा असेल तर फारच उत्तम.